बॉइंकसाठी दोन प्रोसेसरचं मशीन: 56 थ्रेड खरंच कामाला लावताना

कंपन्यांमधून निघालेली दोन सॉकेटची (दोन प्रोसेसर बसणारी) इंटेल झिऑन वर्कस्टेशनं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली की मिळतात. बॉइंक या प्रोग्राममधून घरच्या प्रोसेसरचा वेळ संशोधनाला देणाऱ्यांचं मन त्यांच्यावर जातं, कारण एका डब्यात इतके कोर एवढ्या कमी पैशांत दुसरीकडे नाहीत. इथे लिहितो आहोत ते ई5-2680 व्ही4 च्या जोडीबद्दल. हा 2016 चा प्रोसेसर. एकेकात 14 कोर, 28 थ्रेड, 35 एमबी एल-3 कॅश (चिपमधली जलद मेमरी), आणि वीज 120 वॉट. दोन मिळून 56 थ्रेड. बाकीच्या ई5 जोड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

बॉइंक मॅनेजरमध्ये 56 टास्क (प्रकल्पांनी पाठवलेले कामाचे तुकडे) एकदम चालू दिसली की सगळं जमलं असं वाटतं. पण प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी, कॅश वेगळी, हीटसिंक वेगळा. डब्याच्या आत खरं तर दोन संगणक आहेत आणि त्यांना जोडणारी क्यूपीआय नावाची एक वाट आहे. त्या वाटेवर जितकी कमी वर्दळ, तितकं काम जास्त. म्हणून किती टास्क चालू आहेत हे आम्ही बघत नाही. एका युनिट विजेत किती निकाल ग्राह्य ठरले, हे बघतो. खरेदीपासून सेटिंगपर्यंतचे सगळे निर्णय याच हिशेबाने घ्यायचे.

खरेदीच्या वेळी चिपवरचा क्रमांक नीट वाचा. ई5 नंतरचा पहिला आकडा किती सॉकेटमध्ये चालेल ते सांगतो. 2600 मालिकेतले प्रोसेसर जोडीने चालतात. 1600 मालिकेतला, उदाहरणार्थ ई5-1650 व्ही4, त्याच सॉकेटमध्ये बसतो पण एकटाच चालतो, जोडी जमत नाही. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत, स्टेपिंगही (त्या मॉडेलची उपआवृत्ती) सारखं असलेलं बरं. चिपवर मॉडेलऐवजी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना आहे. स्वस्त मिळतो, पण बायोस (बोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) त्याला ओळखेलच असं नाही. बोर्ड व्ही3 च्या, म्हणजे आधीच्या पिढीच्या, काळातला असेल तर आधी व्ही3 प्रोसेसरवर बायोस अपडेट करून घ्या, मग व्ही4 बसवा. उलट क्रमाने गेलात तर पडदा काळाच राहतो. आणखी एक: ब्रँडेड वर्कस्टेशनचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. सप्लाय जळला तर बाजारातला साधा एटीएक्स बसत नाही, त्यामुळे घेतानाच तो भार टाकून तपासून घ्यावा.

सॉकेटमधल्या पिना हा या मशीनचा सगळ्यात नाजूक भाग. सॉकेटचं नाव एलजीए 2011-3, नावाप्रमाणेच 2011 पिना, आणि त्यातली एक जरी वाकली तरी मशीन बंद पडेलच असं नाही. ते सुरू होतं, विंडोज किंवा लिनक्स चढतं, फक्त रॅमची एक स्टिक दिसत नाही. प्रोसेसर काढून मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरा आणि सॉकेटवरून सावकाश फिरवा. सरळ पिनांची टोकं एका रांगेत चमकतात. वाकलेली पिन त्या रांगेत काळा ठिपका दिसते किंवा शेजारणीला चिकटून दुहेरी चमकते. 0.5 मिमीच्या क्लच पेन्सिलमधली शिसं काढून तिची रिकामी नळी त्या पिनेवर अलगद बसवायची आणि केसभर उचलायची. एकदम सरळ करायला गेलं की तुटते. दोन-तीन वेळा थोडं थोडं करावं.

पिना ठीक असूनही स्टिक गायब असेल तर बहुतेक वेळा दोष दाबाचा असतो. सॉकेटला दोन दांडे आहेत, त्यांचा लावण्याचा क्रम धातूच्या चौकटीवर कोरलेला असतो, तो पाळायचा. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, प्रत्येक वेळी दोन-दोन फेरेच आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर प्रोसेसर तिरका दबतो आणि मेमरीचा एखादा चॅनेल सुटतो. स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघा. दोष स्टिकबरोबर गेला तर स्टिक खराब, स्लॉटपाशीच राहिला तर हीटसिंक सोडवून पुन्हा बसवा. जुनी पेस्ट खडूसारखी सुकलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून मध्यभागी मटारच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त नवी पेस्ट लावावी, कारण या चिपचं झाकण डेस्कटॉपवाल्यापेक्षा मोठं असतं.

रॅमकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनेल आहेत. 64 जीबी हवी असेल तर 8 जीबीच्या आठ स्टिक घ्या, चार इकडे, चार तिकडे. 32 च्या दोन स्टिक स्वस्त पडतात म्हणून घेतल्या तर चारपैकी तीन चॅनेल दोन्हीकडे रिकामे राहतात. त्याहून वाईट म्हणजे सगळी रॅम पहिल्याच प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये भरणं. दोन चुली पेटवायच्या आणि सरपण एकीपाशीच रचायचं, अशातली ती गत. दुसऱ्या प्रोसेसरचं प्रत्येक टास्क मग क्यूपीआय ओलांडून रॅमपर्यंत जातं. स्टिक रजिस्टर्ड ईसीसी (छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) डीडीआर4 हव्यात. साध्या डेस्कटॉपच्या किंवा एलआरडीआयएमएम जातीच्या स्टिक त्यांच्यात मिसळत नाहीत, मशीन सुरूच होत नाही. सगळं बसल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवा. बॉइंक लावण्याची घाई इथे करू नये, कारण खराब रॅमवरचं टास्क शेवटपर्यंत जातं, वीज खातं आणि मग चुकीचा निकाल म्हणून बाद होतं.

बायोसमध्ये ‘नोड इंटरलीव्हिंग’ हा पर्याय शोधून बंद ठेवा. तो चालू असला की दोन्हीकडची रॅम एकत्र कालवली जाते आणि कुठली जवळची, कुठली लांबची हे ऑपरेटिंग सिस्टमला कळतच नाही. बंद केल्यावर नुमा, म्हणजे जवळची-लांबची रॅम ओळखण्याची सोय, चालू होतं. लिनक्समध्ये ‘न्युमासीटीएल’ या कमांडला हार्डवेअरची माहिती विचारली की नोड 0 आणि नोड 1 दिसतात, प्रत्येकाचे 28 थ्रेड आणि प्रत्येकाची रॅम. दोन्ही नोडची रॅम जवळपास सारखी हवी. एका नोडपुढे शून्य दिसलं तर पुन्हा स्लॉट तपासा. ‘एसी रिकव्हरी’ किंवा तशा नावाचा पर्याय ‘पॉवर ऑन’वर ठेवा, म्हणजे वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल.

ऑपरेटिंग सिस्टमच्या बाबतीत आमचा कौल सरळ लिनक्सला आहे. विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. दोन सॉकेटला प्रो आवृत्ती लागते. आणि थ्रेड 64 च्या वर गेले, म्हणजे 18 किंवा 22 कोरची जोडी लावली, की विंडोज त्यांचे गट पाडतं. जुन्या आवृत्त्यांत एक प्रोग्राम आपल्या गटाबाहेर जात नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ‘बॉइंक-क्लायंट’ हे पॅकेज टाकलं की ती सेवा म्हणून बसते आणि कुणी लॉगिन न करताही मशीन सुरू होताच काम सुरू होतं. आपला युजर ‘बॉइंक’ या गटात घालायला विसरू नका, नाहीतर मॅनेजर (दिसणारी खिडकी) क्लायंटशी (मागे काम करणाऱ्या प्रोग्रामशी) जोडलाच जात नाही आणि इन्स्टॉलेशन फसलं असं वाटतं.

सेटिंगमध्ये ‘सीपीयू टाइम’ 100 टक्केच ठेवायचा. मशीन तापतंय म्हणून तो 70 करणारे बरेच आहेत. त्याने टास्क सेकंदा-सेकंदाला थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, तापमान वर-खाली नाचतं. उष्णता कमी करायची तर ‘सीपीयूंची संख्या’ टक्क्यांत कमी करा. 56 च्या 96 टक्क्यांत 53 थ्रेड कामाला लागतात आणि तीन सिस्टमसाठी राहतात. चेकपॉइंटची (झालेलं काम डिस्कवर जपून ठेवण्याची) वेळ 60 सेकंदांऐवजी 300 करा. पन्नासेक टास्क दर मिनिटाला डिस्कवर लिहायला लागली तर साध्या हार्ड डिस्कवर मशीन अडखळतं आणि एसएसडीचं आयुष्य उगाच झिजतं. मात्र वीज वारंवार जाणाऱ्या गावात 120 च्या वर जाऊ नका. मशीन फक्त याच कामाला असेल तर मेमरीची मर्यादा दोन्ही ठिकाणी (संगणक वापरात असताना आणि नसताना) 90 टक्के, आणि ‘थांबवलेली टास्क मेमरीत ठेवा’ हे चालू.

प्रकल्प निवडताना रॅमचा भागाकार आधी करायचा. 64 जीबी भागिले 56, थ्रेडमागे सव्वा जीबीच्या आतच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोझेटा ॲट होमची प्रथिनांची टास्क एकेकटी त्याहून जास्त मागू शकतात. मग बॉइंक ‘मेमरीची वाट बघतोय’ असं दाखवून टास्क थांबवतं, किंवा सिस्टम स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्कवर) जाऊन सगळंच रांगायला लागतं. रोझेटा सगळ्या थ्रेडवर चालवायचं तर 128 जीबी घ्या. नाहीतर त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘ॲप-कॉन्फिग’ फाइल ठेवून ‘प्रोजेक्ट मॅक्स कन्करंट’ 20 करा आणि उरलेले थ्रेड हलक्या टास्कना द्या. आइन्स्टाइन ॲट होम आमच्या विशेष आवडीचं. 2005 पासून ते लायगो या वेधशाळांच्या नोंदींमध्ये सततच्या गुरुत्वीय लहरी शोधतं, शिवाय फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या नोंदींत पल्सार (वेगाने फिरणारे मृत तारे) शोधतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची लायगो-इंडिया वेधशाळा याच शोधाचा भाग असेल, त्यामुळे मराठी माणसाला या कामात आपलेपणा वाटावा असं बरंच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये कुठली टास्क सीपीयूवर घ्यायची ते निवडता येतं. ही यादी बदलत असते, अधूनमधून बघत राहावं.

हायपरथ्रेडिंगचा (एका कोरवर दोन थ्रेड चालवण्याचा) फायदा कामागणिक वेगळा. वाद घालण्यापेक्षा मोजावं. आधी ‘सीपीयूंची संख्या’ 50 टक्के करून 28 टास्क चालवा. लिनक्स ती बहुतेक वेगवेगळ्या खऱ्या कोरवर वाटतं, बायोसमध्ये जायची गरज नाही. समजा एक टास्क 4 तासांत संपलं, तर तासाला 7 टास्क. मग 56 चालवा. आता तेच साडेसहा तास घेत असेल तर तासाला 8.6, म्हणजे 23 टक्के जास्त. आठ तासांच्या वर गेलं तर हायपरथ्रेडिंगने तोटाच केला. तुलना एकाच प्रकारच्या टास्कची करायची, आणि डोळा टास्कच्या नोंदीतल्या ‘रन टाइम’ (घड्याळाची वेळ) आणि ‘सीपीयू टाइम’ (प्रोसेसरची वेळ) यांच्यातल्या फरकावर ठेवायचा. रन टाइम बराच जास्त असेल तर टास्कला प्रोसेसर मिळत नाहीये, दुसरं काहीतरी तो खातंय. सरासरी क्रेडिटवरून (ग्राह्य कामाच्या गुणांवरून) मात्र दोन दिवसांत निष्कर्ष काढू नका. त्या आकड्याचं अर्धायुष्य एक आठवडा आहे. नवं मशीन आठवड्यात खऱ्या पातळीच्या निम्म्यावर येतं आणि चार आठवड्यांत 94 टक्क्यांच्या आसपास.

मूळसंख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिड प्रकल्पावर हा खेळ आणखी रंगतो. मोठ्या मूळसंख्यांच्या एलएलआर चाचण्या फूरियर रूपांतरावर (एफएफटी) चालतात, आणि तिथे कोरपेक्षा कॅश महत्त्वाची. टास्कच्या आउटपुटमध्ये एफएफटीची लांबी लिहिलेली असते. समजा 640के आहे. प्रत्येक घटकाला 8 बाइट, म्हणजे 640 गुणिले 1024 गुणिले 8, बरोबर 5 एमबी. एका सॉकेटची कॅश 35 एमबी, तिच्यात अशी सात टास्क मावतात. 14 कोर भागिले 7, म्हणजे प्रत्येक टास्कला दोन थ्रेड. दोन्ही सॉकेट मिळून 14 टास्क, दोन-दोन थ्रेडची. 28 टास्क एकेका थ्रेडवर सोडली तर कॅश दुपटीने भरते, सगळी रॅमच्या दाराशी रांगेत उभी राहतात, आणि वीज मात्र तेवढीच जाते. एफएफटी 1280के झाली की 10 एमबी, मग सॉकेटमागे तीनच टास्क, चार-चार थ्रेडची, आणि दोन कोर दुसऱ्या हलक्या कामाला. थ्रेडची संख्या प्राइमग्रिडच्या पानावरच्या पसंतीत निवडता येते. एव्हीएक्स2 (एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या आज्ञा) वापरणाऱ्या या टास्कमध्ये प्रोसेसर घड्याळाचा वेग स्वतःहून कमी करतो. तो बिघाड नाही.

अनेक थ्रेडचं टास्क दोन सॉकेटवर पसरलं तर मात्र दोन-सॉकेटपणाचा खरा फटका बसतो. अर्धे थ्रेड इकडे, अर्धे तिकडे, आणि प्रत्येक पायरीला क्यूपीआयवरून देवाणघेवाण. यावर उपाय म्हणजे एका मशीनवर दोन बॉइंक क्लायंट, प्रत्येक आपापल्या नोडला बांधलेला. दुसऱ्या क्लायंटला वेगळं डेटा फोल्डर द्या, नेहमीच्या 31416 ऐवजी 31418 पोर्ट द्या, ‘अलाउ मल्टिपल क्लायंट्स’ हा पर्याय द्या, आणि दोघांनाही ‘न्युमासीटीएल’मधून सुरू करून पहिल्याला नोड 0 चे कोर आणि रॅम, दुसऱ्याला नोड 1 चे. बांधलं तरी क्लायंटला 56 थ्रेडच दिसतात, म्हणून दोघांच्याही ‘सीसी-कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘एनसीपीयूज’ 28 लिहायचं. पहिल्याचं फोल्डर कॉपी करून दुसरं बनवू नका. त्यात होस्टचा (मशीनचा) क्रमांकही येतो, आणि एकाच क्रमांकाने दोघं बोलायला लागले की सर्व्हर एकाची टास्क सोडून दिलेली समजतो. एका थ्रेडच्या टास्कना एवढा खटाटोप लागत नाही. लिनक्स त्यांची रॅम सहसा त्याच नोडवर देतं.

कामाचा साठा कमी ठेवा. किमान साठा 0.1 दिवस अधिक जादा साठा 0.1 दिवस, नव्या प्रकल्पाला सुरुवातीला एवढाच. टास्क एका तासाचं आहे असा नव्या मशीनचा अंदाज असेल तर एका दिवसाच्या साठ्याला 56 गुणिले 24, म्हणजे 1,344 टास्क मागितली जातात. खरी वेळ पाच तास निघाली तर ते पाच दिवसांचं काम झालं. आइन्स्टाइनची मुदत 14 दिवस, तिथे निभावेल. रोझेटाची तीन दिवस, तिथे 40 टक्क्यांच्या आसपास टास्क मुदतीबाहेर जातील आणि दुसऱ्या कुणालातरी पुन्हा करावी लागतील.

विजेचा हिशेब स्पष्ट मांडतो. प्रोसेसरचे 240 वॉट, त्यावर रॅम, पंखे, बोर्ड आणि पॉवर सप्लायचा तोटा धरून भिंतीच्या सॉकेटपाशी 340 वॉटच्या आसपास. दिवसाला 8.16 युनिट, महिन्याला 245. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे बदलतात, त्यामुळे हे युनिट तुमच्या सरासरी दराने नाही तर सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने मोजायचे. स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असेल तर दिवसा 9 ते 5 च्या वापराला सवलत आहे. बॉइंकच्या ‘डेली शेड्यूल’मध्ये हीच वेळ घातली की रोज पावणेतीन युनिट पुरतात. खरं सांगायचं तर नव्या पिढीचा 16 कोरचा एकच डेस्कटॉप प्रोसेसर बऱ्याच कामांत या जोडीच्या बरोबरीला येतो आणि वीज कमी खातो. जुनी जोडी घ्यावी ती मशीन अगदी स्वस्तात मिळालं तर, किंवा भरपूर रॅम हवी असेल तर.

340 वॉट म्हणजे तासाला जवळपास 1,160 बीटीयू उष्णता खोलीत, एक टनी एसीच्या क्षमतेचा दहावा हिस्सा. बऱ्याच डब्यांत प्रोसेसर एकामागे एक असतात आणि मागच्याला पुढच्याची गरम झालेली हवा मिळते. म्हणून मागचा थोडा जास्त तापलेला दिसणं ठीक. पण दोघांत 15 अंशांहून जास्त फरक असेल तर पेस्ट किंवा धूळ बघा. ‘सेन्सर्स’ने तापमान तपासत राहा आणि 75 च्या खाली ठेवा.

यूपीएस 600 व्हीएचा पुरत नाही, त्याची खरी क्षमता 360 वॉटच्या आसपास आणि तीही बॅटरी नवी असताना. 1000 व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा, चौकोनी लहरीवर या मशीनचे पॉवर सप्लाय कुरकुरतात किंवा बंद होतात. वीज अचानक गेली तर साधी टास्क शेवटच्या चेकपॉइंटपासून उचलतात. सर्नच्या एलएचसी ॲट होमची व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालणारी टास्क मात्र अशा धक्क्यात बऱ्याचदा मोडतात, सतत लोडशेडिंग असेल तिथे ती घेऊच नयेत.

निकाल बाद व्हायला लागले तर आधी सगळ्याच मशीनचे निकाल बाद होतायत का ते त्या टास्कच्या पानावर बघा. जोडीदाराचा (तेच टास्क केलेल्या दुसऱ्या मशीनचा) निकाल मान्य आणि आपला अमान्य असं वारंवार दिसलं तर दोष आपल्याकडे आहे. कर्नलच्या नोंदींत ‘ईडॅक’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ईसीसी रॅमने दुरुस्त केलेल्या चुका तिथे नोडसकट, बहुतेक वेळा स्लॉटसकट लिहिलेल्या असतात. तेवढीच स्टिक बदला. मशीन कायमचं बंद करायचं असेल, किंवा उन्हाळ्यात दोन महिने थांबवायचं असेल, तर आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबून हातातली सगळी टास्क संपू द्या, ‘अपडेट’ करून ती सर्व्हरला पोचल्याची खात्री करा, आणि मगच प्लग काढा.